खारा हात

१

रविवारी सकाळचा दुसरा चहा झाला की डॉक्टर आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेत, आणि त्यांची बायको स्वयंपाकघरातून ओरडून विचारी, "आज कुठल्या सवतीचा नंबर?"

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात डोकावून झालं, दवाखाना विकून झाला. आता हात जरा थरथरत आणि छातीत कधीमधी चमक निघे, पण रविवार काही चुकला नव्हता. आतल्या खोलीत भिंतीला बोल्ट ठोकून पक्कं केलेलं एक लोखंडी कपाट होतं आणि त्यात त्यांची जुनी पिस्तुलं होती. एकही चालवण्यासाठी नव्हतं. घरात गोळी ठेवायला कायद्याची बंदी होती आणि डॉक्टरांना गोळीत रसही नव्हता. त्यांना वेड होतं ते त्या पोलादावरच्या निळसर काळ्या झाकेचं, मुठीच्या लाकडावरच्या बारीक जाळीचं, कुण्या कारागिरानं कधीकाळी बसवलेल्या आणि अजून लोण्यासारख्या फिरणाऱ्या चक्राचं. सुती हातमोजे चढवायचे, एकेक उचलायचं, मऊ फडक्यानं तेलाचा हात द्यायचा आणि पुन्हा आपल्या जागी निजवायचं. एवढ्यात दुपार व्हायची.

कायदा मोठा कडक. पिस्तूल बाळगायचं तर परवाना, परवान्याआधी परीक्षा, परीक्षेनंतर घराची तपासणी. कपाटाच्या पत्र्याची जाडी मोजायलासुद्धा इन्स्पेक्टर येऊन चहा पिऊन जाई. आणि सगळ्यांत जीवघेणा नियम असा, की संग्राहक गेला आणि घरात दुसरं कुणी परवानेदार नसलं, तर अख्खा संग्रह सरकारी आगारात नेऊन यंत्राखाली कापत. डॉक्टरांच्या एका शिंपी मित्राचा संग्रह तसाच गेला होता. तेव्हापासून आपल्यामागे यांचं काय होणार, हा एकच घोर त्यांना लागला होता.

तो घोर लेकीनं मिटवला. चिऊ, म्हणजे घरातली चिऊ, बाहेर ती चांगली मोठी बाई होती, वरच्याच मजल्यावर नवऱ्यासोबत राहायची. तिनं कुणाला न सांगता अभ्यास केला, परीक्षा दिली आणि एके दिवशी परवाना आणून वडिलांच्या मांडीवर ठेवला. त्याच आठवड्यात तिला दिवस गेल्याचं कळलं. डॉक्टरांना तर आभाळच ठेंगणं झालं. उन्हाळा सरता सरता इन्स्पेक्टर येऊन कपाट लेकीच्या नावावर करणार होता.

एकच अडचण होती आणि तिची घरात थट्टा व्हायची. चिऊचा हात खारा होता. काही माणसांच्या घामात मीठच जास्त असतं. असा हात पोलादाला नुसता लागला तरी दुसऱ्या दिवशी तिथं बोटांचे गंजके ठसे उमटतात. संग्राहक मंडळी अशा माणसाला कपाटाजवळ उभंही करत नाहीत. लहानपणी चिऊनं एकदा हळूच हात लावला होता, तर डॉक्टर आठवडाभर तिच्याशी धड बोलले नव्हते.

२

पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा डॉक्टरांना वाटलं, मागच्या खेपेला आपण तेल मारायला कंटाळलो.

कपाटात एक जडशीळ फौजी रिव्हॉल्वर होतं. घरात त्याला मेजर म्हणत. मेजरच्या नळीवर, मधोमध, तपकिरी ठिपके आले होते. एका बाजूला चार, ओळीनं, आणि विरुद्ध बाजूला एक. मसुराच्या दाण्यांएवढे. डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग तारेच्या बारीक काथ्यानं ते अलगद घासून काढले, तेल दिलं आणि विषय संपवला.

जेवताना भाजीत चमचा घालता घालता त्यांना आठवलं, की चिऊ जन्मली तेव्हा तिनं त्यांचं बोट अगदी असंच धरलं होतं. चार बोटं एका बाजूनं आणि अंगठा दुसऱ्या बाजूनं. पण जेवणाच्या ताटावर काय वाट्टेल ते आठवतं. त्यांनी आणखी भाजी मागितली.

दुसरी गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नाही. मेजरला उचललं तेव्हा तो मोज्यातूनही कोमट लागला होता. त्या खोलीत ऊन येत नाही. शेजारची पिस्तुलं गार होती.

३

पुढच्या रविवारी ठसे मुठीवर आले. लाकडावर काही दिसेना, पण मुठीच्या मागून जाणाऱ्या पोलादी पट्टीवर छोट्याशा तळव्याची किनार स्पष्ट उठली होती, आणि पुढं दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकलेली. जड वस्तू लहान मूल उचलतं तशी.

डॉक्टरांना हात कळत. दवाखान्यात मुलं खुर्चीत बसली की पहिल्यांदा डॉक्टरांचंच मनगट पकडत. त्या पकडीवरून ते डोळे मिटून मुलाचं वय सांगत, आणि आया थक्क होत. म्हणून त्यांना कुणाला विचारायची गरज नव्हती. हा हात नुकता शाळेत जायला लागलेल्या पोराचा होता. त्याच्या पुढच्या रविवारी उमटला तो दुधाचे दात पडायच्या वयाचा.

माणूस शहाणा असला की आधी घरच्यांवर संशय घेतो. किल्ली त्यांच्या खिशात असे आणि रात्री उशीखाली. तरी एकदा चिऊ खाली आली तेव्हा त्यांनी सहज म्हणून तिचा हात हातात घेतला.

"काय बघताय बाबा? भविष्य?"

"नाही गं. घाम येतो का अजून तेवढाच?"

"आता तर जास्तच येतो. धार लागते नुसती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोटात आहे ना, म्हणून." ती हसली. "घाबरू नका, मोजे घालीन मी. दोन दोन घालीन."

तिची बोटं लांब होती, अंगठा तर डॉक्टरांपेक्षाही लांब. ती नव्हती.

बायकोला त्यांनी नुसते ठसे दाखवले. ती बटाटे सोलत होती. तिनं मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाली, "सवतीला दुसरा कुणी भेटला वाटतं." तिचं हे बोलणं ऐकून एरवी डॉक्टर खो खो हसले असते.

दुपारी मात्र दोघंही आडवी झाली असताना तिनंच विचारलं, "अहो, आतल्या खोलीत घड्याळ कधी लावलंत?"

डॉक्टर जागेच होते. त्यांनाही ऐकू येत होतं. टक्, थोडं थांबून टक्, मग पुन्हा. मेजरचं चक्र एकेक घर पुढं सरकलं की तसा आवाज येतो. कुणीतरी रिकाम्या वेळेत, कंटाळून, एका बोटानं ते फिरवत होतं.

"लावलंय एक जुनं," डॉक्टर म्हणाले, आणि कूस बदलली.

४

शास्त्र शिकलेल्या माणसाला काहीतरी करून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. डॉक्टरांनी माळ्यावरून जुनी बॅग काढली. दातांची कवळी बसवताना वापरतात त्या गुलाबी मेणाच्या पट्ट्या तिच्यात अजून होत्या. हाताच्या उबेनंही हे मेण मऊ पडतं आणि धरलेली खूण सोडत नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मेजरच्या मुठीला आणि नळीला मेण लपेटलं. कपाटाच्या तळाशी प्लास्टरची पांढरी भुकटी चाळणीनं सारखी पसरली, कुलूप लावलं, किल्ली बनियनच्या आत लोकरीच्या धाग्यात अडकवली. आपण हे कुणाला पकडायला करतोय, याचं त्यांनाच हसू आलं.

रविवारी भुकटी जशीच्या तशी होती. साधी मुंगीही तिच्यावरून गेली नव्हती.

मेणावर हात होता.

त्यांनी खिडकीशी नेऊन पाहिला. आता चांगला मोठा झाला होता, दुधाच्या दाढेखालून पक्की दाढ यायच्या वयाचा. नखं कुरतडलेली. मधल्या बोटावर शाईच्या पेनानं पडतो तसा घट्टा. आणि करंगळी आत वळलेली, जशी डॉक्टरांची होती, चिऊची होती, डॉक्टरांच्या आईचीही होती.

खोलीत गार सावली होती. बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. डॉक्टर स्टुलावर बसले आणि मेणाच्या त्या पोकळीत त्यांनी आपली बोटं ठेवली. खरं तर भीती वाटायला हवी होती. त्यांना वाटली ती माया. अजून जन्माला न आलेलं, नाव नसलेलं, मुलगा की मुलगी तेही ठाऊक नसलेलं त्यांचं नातवंड आधीच त्या कपाटाशी येऊन खेळत होतं. त्यांच्यासारखंच, पिस्तुलात रमणारं. डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना वाटलं, आपण मेलो तरी आता हरकत नाही.

५

त्यानंतरचे काही रविवार त्यांच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे गेले. ते बायकोच्या आधी उठत. कपाट उघडायच्या आधी दारावर टिचकी मारत. ठसा दिसला की हळूच म्हणत, "अरे वा, वाढलास की रे," आणि लगेच, "किंवा वाढलीस." गंज घासून काढायचं त्यांच्या जिवावर येई. आयुष्यभर ज्या डागासाठी ते माणसं तोडत आले, त्याच डागाची आता आठवडाभर वाट पाहत होते. त्यांनी मोजे घालणंसुद्धा सोडलं. त्या ठशावर आपला उघडा हात ठेवून ते कितीतरी वेळ नुसते बसत. पोलाद उबदार असे, आणि त्या उबेखाली काहीतरी अगदी मंद, नाडीसारखं, ठोके देत असे. ते आपलेच ठोके, असं ते स्वतःला सांगत. मग त्यांना डुलकी लागे आणि जाग येई तेव्हा हात तिथंच असे.

"तुमचं काय चाललंय काय?" बायको म्हणाली. "वजन किती उतरलंय बघा. आरशात तरी बघत जा."

"तेल लावतोय गं."

"अख्खी सकाळ? मी आयुष्यात माझ्या केसांना एवढं तेल लावलं नाही."

मग तो रविवार उजाडला. आभाळ भरून आलं होतं, खोलीत दिवा लावावा लागला. डॉक्टरांनी टिचकी मारली, कपाट उघडलं, मेजरला दिव्याखाली धरलं. हात आता पूर्ण वाढला होता. तरुण, बोटं सडपातळ. मागच्या रविवारीही एवढाच होता, हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणजे तो वाढायचा थांबला होता.

पण ठसा उलटा होता. बोटं मुठीच्या मागून आली होती आणि अंगठा चापावर होता.

पिस्तूल असं एकाच कामासाठी धरतात, हे कुठल्याही संग्राहकाला समजावून सांगावं लागत नाही. नळी तेव्हा धरणाऱ्याकडेच वळलेली असते.

 डॉक्टरांनी मेजरला टेबलावर ठेवलं आणि चापावरचा तो तपकिरी डाग घासायला घेतला. घासता घासता बोटांची सालं निघाली. डाग पुसला जाई आणि ते पाहत असतानाच पुन्हा उमटे, ओलसर, ताजा.

६

"कापायला देताय?" चिऊला खरंच वाटेना. "सगळी?"

"सगळी. या आठवड्यातच. इन्स्पेक्टरला फोन केलाय मी."

"बाबा, पण का?"

डॉक्टरांनी या प्रश्नाची तयारी केली होती. "घरात मूल येतंय," ते म्हणाले.

"मग? मीही याच घरात वाढले की. मला काय झालं?" तिचा आवाज चढला. "लहानपणी तुम्ही मला त्या खोलीच्या दारातसुद्धा उभं राहू दिलं नाही. माझ्या हाताला घाम येतो म्हणून. मी काय मुद्दाम आणत होते घाम? मला वाटायचं, आपल्यापेक्षा बाबांना ती लोखंडं जास्त आवडतात. म्हणून दिली परीक्षा. आता कुठं मला आत यायला मिळणार होतं."

बायको दारात उभी होती. एवढी वर्षं ती कपाट काढा म्हणून मागं लागली होती, पण आज तिनं डॉक्टरांची बाजू घेतली नाही आणि लेकीचीही नाही. ती फक्त नवऱ्याच्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिली.

डॉक्टरांना सांगावंसं वाटलं. मेणाचा तो ठसा दाखवावा, करंगळी दाखवावी. पण पोटुशी असलेल्या लेकीला हे कुठल्या तोंडानं सांगायचं? आणि आपण गेलो आणि कपाट तिच्याकडे राहिलं, तर? त्यांना आपल्या जन्माची कमाई एका पारड्यात दिसत होती आणि दुसऱ्या पारड्यात एक हात. तरीसुद्धा, आणि याची त्यांना मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली, मनाचा एक कोपरा अजून विचारत होता की मेजरला तेवढं द्यावं आणि बाकीची ठेवावीत का.

"चिऊ," ते म्हणाले, "तुला मी आत येऊ द्यायला हवं होतं. ते माझं चुकलं. पण हे मी करणारच आहे."

ती रडत वर निघून गेली. आगाराच्या दिवशी मात्र गाडी काढायला तीच खाली आली.  वडिलांना वजन उचलवत नाही म्हणून लाकडी पेट्या जावयानं डिकीत ठेवून दिल्या.

७

आगार म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड होती. आत मंद, दुधी उजेड. कुठंतरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या, पण शब्द कळत नव्हते. काउंटरमागे जाड हातमोजे घातलेला एक गोलमटोल कामगार बिस्किट खात होता, आणि त्याच्यामागे ते यंत्र होतं. वरून येणारं एक पातं, बस. भंगारवाल्याकडे असतं तसंच, काही विशेष नाही.

चिऊ भिंतीशी बाकावर बसली, पोटावर हात ठेवून.

एका हमालानं पेट्या आणून काउंटरवर ठेवल्या; डॉक्टरांनी पहिलीचं झाकण उघडलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ते मागं सरले. कामगार मेजरला उचलू लागला. मेजर येईना. त्यानं जोर लावला.

"सोडा की आजोबा," तो हसत, वर न बघताच म्हणाला. "सगळ्यांनाच जड जातं."

डॉक्टरांनी पाहिलं. निळसर काळ्या पोलादावर वाफ धरली होती, थंडीत काचेवर धरते तशी. त्या वाफेला बोटं होती. मुठीभोवती आवळलेली, टोकांशी पांढरी पडलेली. ती त्यांनी क्षणभरच पाहिली, कारण दुसऱ्या क्षणी ते काउंटरवर वाकले होते आणि खुर्चीत रडणाऱ्या पोरांशी बोलायचे त्या आवाजात कुजबुजत होते, "सोड बाळा. काही होत नाही. मी आहे ना इथं. सोड."

वाफ करंगळीकडून विरत गेली. मग पुढचं बोट. मग अंगठा.

"आई गं," बाकावर चिऊ म्हणाली, "केवढ्यानं ढुशी मारली."

मेजर सुटला. कामगार तोल सावरत म्हणाला, "तेल वाळून चिकटतात ही पेटीला," आणि त्यानं तो पात्याखाली सरकवला. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक झाला.

बाकीची आपसूक निघाली. डॉक्टर स्वतःच एकेक काढून देऊ लागले. छोटी खिशातली, लांब नळीची, ती चांदीच्या नक्षीची जोडी जिच्यासाठी त्यांनी नवी गाडी घ्यायचं रद्द केलं होतं. पातं वरखाली होत होतं आणि त्यांना झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. मनावरचं ओझं उतरत होतं. आता एकच उरलं होतं, शिंप्यानं हयात असताना दिलेलं, त्यांच्या संग्रहातलं पहिलं. त्यांनी ते काउंटरवर धरलं. कामगारानं दुसऱ्या टोकाला हात घातला आणि ओढलं.

ते येईना.

 म्हणजे तो हात याच्यावरही होता. डॉक्टर पुन्हा वाकले. "सोड बाळा," ते म्हणाले. "सोड राजा. शहाणं ना माझं ते. आता हे शेवटचं." वाफ दिसत नव्हती. बोटं दिसत नव्हती. पकड मात्र घट्ट होत चालली होती. "सोड ना रे," ते म्हणाले.

रेडिओ कुणीतरी बंद केला.

"आजोबा," कामगार अगदी हळू म्हणाला, "हात तुमचाच आहे."

डॉक्टरांनी खाली पाहिलं. त्यांना ते खरं वाटलं, पण हात काही उघडता येईना. बोटं कुणा दुसऱ्याचीच असल्यासारखी त्यांचं ऐकत नव्हती. तेवढ्यात चिऊ बाकावरून उठून शेजारी आली.  आपल्या ओल्या, गरम हातांनी ती त्यांचं एकेक बोट सोडवू लागली. तर्जनी, मधलं, अनामिका. ते आधाराला तिच्या खांद्यावर टेकले.

करंगळी उघडली तेव्हा त्यांच्या तळव्याखालून एक हात निसटला. चिऊचे दोन्ही हात त्यांच्या बोटांवर होते, डोळ्यांसमोर. हा दुसराच होता, सडपातळ, घामेजलेला, त्यांनी इतका वेळ पोलादावर दाबून धरलेला. जाता जाता तो त्यांच्या बोटांत एकदा अडखळला.

डॉक्टरांनी त्याला जाऊ दिलं.